वाळवणाची बखर

माझी पहिली नोकरी बँकेतली, असा माझ्या सर्व्हिस-बुकाचा समज आहे. तो चुकीचा आहे. मी पहिल्यांदा कामाला लागलो तो वयाच्या आठव्या वर्षी, १९८८ च्या उन्हाळ्यात, बार्शी तालुक्यातल्या एका वस्तीवर, माझ्या आजीकडे. हुद्दा : राखणदार. कामाची वेळ : सकाळी नऊपासून ऊन कलेपर्यंत. हत्यार : निरगुडीचा एक फोक. पगार : पापडाच्या दोन लाट्या, तेलात बुडवून, आणि अर्धवट वाळलेली एक कुरडई. काम म्हणाल तर एकच. दुसऱ्यांनी घातलेल्या ठेवीशेजारी बसून राहायचं आणि ती कुणी खाणार नाही एवढं पाहायचं. पुढे बी. कॉम. झालो, परीक्षा दिल्या, मुलाखत दिली, आणि बँकेने मला नेमकं तेच काम दिलं. फरक एवढाच, की बँकेत लाट्या मिळत नाहीत.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे एक नोटीस. आमच्या सोसायटीच्या जिन्यात, पाण्याच्या मोटारीच्या वेळापत्रकाशेजारी, ती फाल्गुनात लागली : ‘गच्चीवर वाळवण घालण्यास सक्त मनाई आहे.’ खाली खजिनदाराची सही. खजिनदार मी. माणूस बँकेत आहे म्हटल्यावर त्याला सोसायटीचा खजिनदार होण्यापासून परमेश्वरसुद्धा वाचवू शकत नाही. एका रविवारी चार कागद सहीसाठी आले, त्यांतला हा तिसरा. बँकेतला माणूस प्रत्येक कागद वाचून सही करतो अशी लोकांची श्रद्धा असते. ती मोडू नये म्हणून मी कागदाकडे थोडा वेळ पाहिलं आणि सही केली.

कागद आईने वाचला. आई अलीकडेच आमच्याकडे राहायला आली. वस्तीवरच्या घराला कुलूप लागलं आणि शेवटची शेळी विकली, त्यानंतर. नोटिशीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांना एक ताट सुतळीने बांधलेलं दिसलं, आणि ताटात सांडगे. मी मोजले. बावीस होते. जिने आयुष्यभर पायलीने सांडगे घातले त्या बाईचे बावीस सांडगे.

मी ठरवलं, कमिटीला रीतसर अर्ज द्यायचा. आता अर्ज म्हटला की आधार पाहिजे, आधार म्हटला की पूर्वपीठिका पाहिजे. म्हणून वाचनालयात जाऊन इतिहासाची पुस्तकं काढली. शेवटी अर्ज तीन ओळींचा झाला आणि पूर्वपीठिका एवढी मोठी. ती वाया जाऊ नये म्हणून इथे वाळत घालतो आहे.

आजीची वस्ती म्हणजे दीड एकर कोरडवाहू रान, दोन खणांचं माळवदाचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला बाभूळ आणि बाभळीखाली शेळ्या. काळ्याभोर, लांब कानांच्या, उस्मानाबादी. (जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं. शेळीला अजून कुणी कळवलेलं नाही.) माझ्या कारकिर्दीत तीन होत्या. शिंगं नसलेली ती मुंडी, कपाळावर पांढरा ठिपका होता ती बांडी, आणि तिसरी पाटलीण. कारण ती कुणाकडेही मान वर करूनच बघायची.

शहरातल्या माणसाला वाटतं, वाळवण म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतले पापड आणि कुरडया. ते खरं नव्हे. आजीचं वाळवणाचं वर्ष कार्तिकात सुरू व्हायचं. भुईमूग निघाला की त्याचे वेल उन्हात टाकायचे, ते शेळ्यांना. पौषात हरभऱ्याचे शेंडे खुडून सावलीत वाळवायचे. ते आपल्याला. त्या वाळलेल्या भाजीला लसणाची फोडणी दिली की घरात जो वास सुटायचा, त्यासाठी मी अजूनही बदली मागायला तयार आहे. मग तूर झोडपली की दाणे माणसांना, भुसकट शेळ्यांना. फाल्गुनात चिंच फोडायची. त्याच सुमारास बाभळीच्या शेंगा पिकून पडायला लागायच्या, त्या वेचून, वाळवून पोत्यात भरायच्या. चैत्रात मिरच्या माळवदावर. शेवया. वैशाखात पापड, सांडगे, बाजरीच्या खारोड्या, कुरडया. आणि मृगाचा पहिला वळीव यायच्या आत सगळं घरात.

अंगणाचे सरळ दोन भाग होते. उगवतीकडचा माणसांचा आणि मावळतीकडचा शेळ्यांचा. माणसांचं वाळवण जुन्या साडीवर, शेळ्यांचं भुईवर, एवढाच भेदभाव. मधली सरहद्द म्हणजे मी.

शिवाय तिसरंही एक वाळवण चालायचं, ते म्हणजे खुद्द शेळीचं. शेळी गाभण राहिली की पाच महिन्यांत विते, आणि शेवटचे दीड-दोन महिने तिचं दूध आटवावं लागतं, नाही तर पोटातल्या करडांच्या वाट्याला काही उरत नाही. आजी दोन वेळची धार एक वेळेवर आणायची, मग एक दिवसाआड, खुराक थोडा कमी, आणि मग एके दिवशी चहा काळा यायचा. ‘आटली,’ एवढंच आजी म्हणायची. ‘सदर खाते व्यवहार नसल्यामुळे बंद’ असा शिक्का मारताना मला अजून तो काळा चहा आठवतो.

आता कुरडईबद्दल. ज्यांनी ती फक्त तळलेली पाहिली आहे त्यांच्याबद्दल मला सहानुभूती वाटते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्या गव्हाला असा एक आंबूस वास येतो की पाहुणा असेल तर जायला निघतो. चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि तो रात्रभर तसाच बसू द्यायचा. पहाटे वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, खाली पांढराशुभ्र घट्ट चीक राहतो. मग तेवढ्यास तेवढं आधण, मीठ, हिंग, आणि एका बाईने चीक ओतायचा, दुसरीने घोटायचा. इथे बोलणं बंद. आमच्या आई आणि आजीमध्ये वर्षभरात जे काय मतभेद असतील ते असोत, चीक घोटताना दोघींचं एक अक्षर वाजायचं नाही. गाठ झाली तर पाच दिवसांची मेहनत वाया. घोटून झाला की गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि साडीवर ओळीने कुरडया घालायच्या. उन्हं तापायच्या आत सगळं आटपलेलं असायचं. त्यानंतर राखणदार आपल्या जागेवर रुजू.

या सगळ्याला किती वर्षं झाली असावीत? मी वाचलं ते असं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी आणि धवलीकर ही त्यांतली मोठी नावं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं ते गाव. घरं सापडली, चुली सापडल्या, धान्य साठवायची बळदं सापडली आणि शेळ्यामेंढ्यांची हाडं सापडली. म्हणजे उन्हात वाळवून ठेवणारा माणूस आणि ते ठेवलेलं खायला टपलेली शेळी, हे दोघेही महाराष्ट्रात साडेतीन हजार वर्षं शेजारी शेजारी राहत आहेत. राखणदार असणारच. त्याचा अवशेष सापडला नाही, कारण निरगुडीचा फोक जमिनीत टिकत नाही.

त्याच इनामगावात पुढची गोष्ट आहे आणि ती गमतीची नाही. इसवी सनापूर्वी हजार वर्षांच्या सुमारास पाऊस कमी होत गेला, शेती हटली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक हळूहळू शेळ्यामेंढ्यांच्या मागे लागून भटके झाले, असं धवलीकरांनी मांडलं आहे. ते वाचताना मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं. हे मला आजीने सांगितलं होतं. तिने साल फक्त वेगळं सांगितलं होतं.

पण त्याच्यावर येण्याआधी मिरचीचं प्रकरण मिटवू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या भागापासून काही फार दूर नाही. राजाला खाण्यापिण्याची हौस. वडे, मांडे, मांसाचे प्रकार, सगळं लिहून ठेवलं आहे. पण त्यात मिरची नाही, कारण मिरची हिंदुस्थानात नव्हतीच. ती अमेरिकेतली. कोलंबस १४९२ साली तिकडे गेला आणि पुढे पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरवली. तोपर्यंत तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. मी हे आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं.

आई म्हणाली, “मग त्याच्याआधी लोक भाकरीला काय लावून खायचे? कपाळ?”

मी म्हटलं, “आई, बटाटासुद्धा पोर्तुगीजांचा. शब्दसुद्धा त्यांचाच.”

“बरं.”

“साबुदाणासुद्धा आपला नाही. तो ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला. सेलमला त्याचे कारखाने निघाले तेच मुळी १९४० नंतर. आणि भुईमूगही तिकडचाच.”

आई बराच वेळ गप्प बसली. मला वाटलं इतिहासाचा परिणाम झाला. मग ती म्हणाली, “म्हणजे एकादशीला आपण ख्रिश्चनांचं खात होतो, असं तुला म्हणायचंय का? सूनबाईपुढं बोलू नकोस. ती उपास सोडेल.”

तेव्हापासून मी इतिहास हप्त्याहप्त्याने सांगतो.

मनाईच्या नोटिशीबद्दल मात्र मला मोठा दिलासा मिळाला. वाळवायला बंदी करणारा मी पहिला नव्हे. मीठ म्हणजे तरी दुसरं काय? समुद्राचं वाळवण. ते इंग्रज सरकारच्या परवानगीशिवाय कुणी वाळवायचं नाही आणि वाळवलं तर कर भरायचा, असा कायदा होता. १९३० च्या ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला चिमूटभर मीठ उचललं. मे महिन्यात आपल्याकडे कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. नोटीस काढणाऱ्या त्या साहेबांच्या रांगेत शेवटचं नाव माझं.

आणि गांधीजी म्हटले की शेळी आलीच. दूध घ्यायचं नाही असं त्यांचं व्रत. पुढे ते फार आजारी पडले, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, शेळी कुठे होती? १९१९ च्या सुमाराला त्यांनी शेळीचं दूध सुरू केलं, आणि आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवलं की मी शब्द पाळला, पण त्याचा आत्मा राखला नाही. ऑडिटच्या वेळी आम्ही सगळेच शब्द पाळतो. लिहून मात्र कुणी ठेवत नाही.

आता आजीचं साल. १९७२.

आजोबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. त्याही वर्षी पाऊस कमीच होता, बहात्तर साली तर पाठच फिरवली. माझे वडील सतरा वर्षांचे होते, ते शाळा सोडून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिथे सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना तुटायची नाही. दुष्काळात सगळ्यांत आधी बैल जातात, मग तांब्यापितळेची भांडी. आमचे दोन्ही गेले. आजीच्या चार शेळ्यांपैकी तीन गेल्या. एक राहिली. ती दुधाची होती. आणि घरात आत्या होती, एक वर्षाची.

आजीने दोन गोष्टी केल्या. त्या शेळीला वर्षभर बोकडाजवळ जाऊ दिलं नाही, कारण गाभण गेली असती तर आटली असती. आणि मागल्या सालच्या बाभळीच्या शेंगांची दोन पोती आतल्या खणात हलवली आणि दाराला कडी घातली. रानात गवताची काडी नव्हती. रोज सकाळी एक ओंजळ शेंगा, संध्याकाळी एक ओंजळ, शिवाय पालापाचोळा काय मिळेल तो. त्याच्यावर शेळीने रोज पेलाभर दूध दिलं. पुढे अर्धा पेला. तो सगळा आत्याला. हरभऱ्याची वाळलेली भाजी वडिलांना. आजीने स्वतः काय खाल्लं ते तिने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

“पोत्यात हात घालताना मोजायची मी शेंगा,” ती एकदा म्हणाली होती. “शेळी बघायची माज्याकडं. मी तिच्याकडं. दोगींनाबी ठावं होतं.”

दुसरं पोतं संपायला आलं तेव्हा त्र्याहत्तरचा पाऊस लागला. आत्याने आता पन्नाशी ओलांडली आहे. बाभळीच्या शेंगांवर वाढल्यासारखीच बोलते. लग्नकार्यात तिच्या वाट्याला कुणी जात नाही. पण आमच्याकडे आली की आल्या आल्या आईच्या डब्यांची झाकणं उघडून बघते, आणि डबे भरलेले असले की मगच पाणी पिते.

माझ्या राखणदारीचं साल अठ्ठ्याऐंशी हे मी सांगितलंच. त्याच्या आदल्या वर्षी आजीला एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून शेळ्यांसाठी कर्ज मिळालं होतं. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० साली आणखी सहांचं, आणि त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरपासून ही योजना देशभर लागू झाली. अत्यल्पभूधारकाला त्यात तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश टक्के अनुदान असे. म्हणजे हिशेबाने बांडीचा एक तृतीयांश भाग सरकारचा, दोन तृतीयांश बँकेचा. आजीच्या वाट्याला राहिली ती फक्त राखण.

कर्जाच्या शेळीचा विमा असायचा आणि विम्याच्या शेळीच्या कानात नंबरचा बिल्ला. शेळी मेली तर बिल्ला दाखवायचा, तरच पैसे. बांडीने पहिल्या दोन महिन्यांतच बोरीच्या कुंपणात कान फाडून घेतला आणि बिल्ला पडला. आजीने तो शोधून आणला, धुतला आणि हळदीच्या डब्यात ठेवला. नवा बिल्ला मारून घ्यायला तालुक्याला जायचं होतं. ते राहून गेलं.

आणि अशा परिस्थितीत वैशाखातल्या एका दुपारी मी बाभळीखाली झोपलो.

कारण सांगण्यासारखं काही नाही. ऊन होतं, वारं होतं, दोन लाट्या पोटात होत्या. आई, आजी आणि शेजारच्या वस्तीवरची काकू घरात जेवायला बसल्या होत्या. मला जाग आली ती कुरकुर अशा आवाजाने. बांडी साडीच्या बरोबर मधोमध उभी होती. जवळजवळ निम्म्या कुरडया गेल्या होत्या, आणि त्या अजून ओल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाणं चालू ठेवलं. मला ओळखतच होती ती.

संध्याकाळी तिची डावी कूस फुगली. आजीने बोटाने वाजवून पाहिली, दिमडीसारखी वाजली. ओला शिजलेला चीक शेळीच्या पोटात गेला की आंबतो आणि वारा धरतो, हे मला त्या दिवशी कळलं. बांडी चार महिन्यांची गाभण होती. दूध आटवलेलं होतं. कर्जाचे हप्ते करडं विकून फेडायचे होते, आणि बिल्ला हळदीत होता. हे सगळं मोठी माणसं दारात उभी राहून हळू आवाजात बोलत होती आणि मी माळवदाच्या जिन्याखाली बसून ऐकत होतो.

आजीने बांबूच्या नळीने तिला गोडं तेल पाजलं. लिंबाची काडी तोंडात आडवी बांधली, म्हणजे चावत राहील आणि वारा वर येईल. कूस चोळली. मग दावं हातात घेतलं आणि तिला चालवायला सुरुवात केली. अंगणातून बाभळीपर्यंत, बाभळीपासून विहिरीपर्यंत आणि परत. बसू दिलं तर संपली. मी कंदील घेऊन मागे. मध्यरात्र होऊन गेली, मी विचारलं, “आजी, मेली तर?”

“मेली तर बँकेची मेली,” आजी म्हणाली. “चल, कंदील नीट धर.”

थोडं पुढे गेल्यावर मात्र तिने बांडीच्या फाटक्या कानावरून हात फिरवला आणि ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

पहाटे विहिरीजवळ बांडीने ढेकर दिला. लांब, खोल, आंबूस. त्यानंतर मी नाट्यगृहात मोठमोठ्या गवयांचे षड्ज ऐकले आहेत. त्या ढेकराची सर कशाला आली नाही.

मला कुणी मारलं नाही. त्या दिवशी आईने खाण्याच्या गव्हातून काढून पुन्हा गहू भिजत घातले. एवढ्या दिवसांच्या पोळ्या कमी झाल्या आणि त्याबद्दलही कुणी बोललं नाही. हे न बोलणं फार वाईट असतं. मी दिवसभर पाटलिणीच्या मागे लपून होतो. पाचव्या दिवशी चीक घोटला, कुरडया घातल्या, आणि मी आता माझ्या जागी चुलतभावाला बसवतील म्हणून घरातच घुटमळत राहिलो. आजी आत आली. तिच्या हातात निरगुडीचा नवा फोक होता. तो तिने माझ्या हातात दिला.

“नऊ वाजलं,” ती म्हणाली.

बांडी महिन्याभराने व्याली. दोन करडं. तिसऱ्या दिवशी मला आजीने खरवस दिला, थोडासाच. करडांचा वाटा आधी.

पुढे बँकेत लागल्यावर पहिल्याच पोस्टिंगला माझ्या टेबलावर शेळीच्या कर्जाची फाईल आली. बिल्ला हरवला होता. बाई समोर उभ्या होत्या, पदराच्या गाठीत काहीतरी बांधलेलं होतं. मी गाठ सोडायच्या आधीच विचारलं, “हळदीच्या डब्यात होता का?” बाई घाबरल्या. त्यांना वाटलं बँकेला सगळं कळतं. नव्या बिल्ल्यासाठीचं पत्र मी स्वतः टाईप केलं. साहेबांनी न वाचता सही केली. हे एक बरं असतं.

वाळवणाचा धंदा करता येतो, हे कॉमर्सच्या माणसाला सगळ्यांत आधी सुचायला हवं होतं. सुचलं ते गिरगावातल्या सात बायकांना. १९५९ सालच्या १५ मार्चला त्यांनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे लिज्जत झालं. पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, ऊनच नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, बाहेर पाऊस. जसवंतीबेन पोपट त्या सातांमधल्या. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मी अर्जात हे ठळक अक्षरांत घातलं होतं. विशेषतः ‘गच्चीवर’ हा शब्द.

आजीच्या कुरडयांचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत बसत नाही. एकदा प्रयत्न केला. गहू इतके, मीठ इतकं, सरपण घरचं. मजुरी? इथे अडलं. आईला विचारलं, “त्या दिवसांत रोज किती तास काम करायचात?” तिने विचार केला आणि म्हणाली, “दिवस होता तेवढा.” माझ्या तक्त्यात हा आकडा घालायला रकाना नव्हता.

अर्ज मी सेक्रेटरींना दिला. त्यांनी तो नियमाप्रमाणे खजिनदाराच्या अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवला. मी ‘हरकत नाही’ असं लिहिलं. या वेळी वाचून. सभेत एकाने टाकीजवळ कबुतरं वाढतील असा मुद्दा काढला, दुसऱ्याने पाईप गळेल असा काढला. कुरडईने पाईप कसा गळेल हे त्याला सांगता आलं नाही, पण इतिवृत्तात आहे. शेवटी ठरलं : चैत्र आणि वैशाख, फक्त रविवार, टाकीच्या पूर्वेची बाजू, राखण ज्याची त्याने करावी.

परवाच्या रविवारी पहाटे पाचला स्वयंपाकघरातून आंबूस वास आला. बायको चीक ओतत होती आणि आई घोटत होती. दोघींचं एक अक्षर वाजत नव्हतं. मी पाणीसुद्धा न पिता परत अंथरुणात गेलो.

पुन्हा उठलो तेव्हा आई दारात उभी होती. हातात पडद्याची जुनी दांडी, दुसऱ्या हातात वाटी. वाटीत तेलात बुडवलेल्या दोन लाट्या.

“नऊ वाजले,” ती म्हणाली.

मी डोक्याला टॉवेल गुंडाळला, दांडी घेतली आणि जिना चढलो. वर साडीच्या कडेला, टाकीच्या सावलीत, आमचे अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. मला पाहून त्यांनी हात मागे घेतला. दुसऱ्या ओळीतल्या तीन कुरडया नव्हत्या.